उणे एक माणूस

घर मोजायला गेलेला माणूस घराकडे बघत नाही, टेपकडे बघतो. त्यामुळे त्या दुपारी त्याला घर दिसलंच नाही म्हणा ना. दिसली ती लांबी, रुंदी, भिंतींची जाडी आणि कुठली खिडकी कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते. बसच्या शेवटच्या थांब्यासमोरचं बैठं घर. पुढची खोली, मागची खोली, बाजूला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, वर सपाट छप्पर. लहान पोराला घर काढ म्हटलं तर ते काढेल, तेवढंच.

थंडी कडाक्याची होती. कुलूप गंजलेलं नव्हतं, पण किल्ली फिरता फिरेना. दार उघडल्यावर आतून बंद कपाटातल्या लोकरीचा वास आला. पुढच्या खोलीत खिडकीला लागून हात असलेली एक खुर्ची, मागच्या खोलीत लोखंडी पलंग, बाकी सगळं कोणी कोणी उचलून नेलेलं. उचलून न्यायला बरा वेळ मिळतो लोकांना, असं त्याच्या मनात आलं. त्याने प्रत्येक खोलीत तापमान टिपणारी एकेक छोटी डबी चिकटवली, कुलूप लावलं आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बसला.

त्याला सगळे अर्धवट म्हणत. हे नाव काकाने ठेवलेलं. इमारती बांधायचं शिक्षण त्याने तिसऱ्या वर्षी सोडलं, कारण शिकवणारे त्याच्याकडून काचेचे मनोरे काढून घ्यायचे आणि त्या मनोऱ्यांत माणूस नेमका झोपणार कुठे, असं विचारलं की वर्गाबाहेर काढायचे. एकदा तो बाहेर गेला तो परत आत गेलाच नाही. काकाने मग त्याला स्वतःच्या ऑफिसात बसवलं. "हा आमचा अर्धवट," अशी गिऱ्हाइकांशी ओळख करून द्यायची, गिऱ्हाइकांनी हसायचं, आणि सगळं काम अर्धवटाने पूर्ण करायचं, अशी ती व्यवस्था होती.

काम म्हणजे घरं कॉम्प्युटरात बांधणं. घराला किती ऊब लागते, किती वाया जाते, हे सांगणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात भिंती उभ्या करायच्या, विटा कसल्या ते सांगायचं, काचा एकेरी की दुहेरी, फटींतून किती हवा येते, कुठल्या खोलीत किती माणसं, दिवे किती, शेगडी किती वेळ पेटते. सॉफ्टवेअर वर्षभराचा सूर्य त्या घरावरून फिरवून आणतं आणि शेवटी एक चौकोन दाखवतं. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे नापास. हिरवा असेल तर परवान्याचं कार्यालय राहायची परवानगी देतं. नव्या घराला नुसतं गणित चालतं. पण बरीच वर्षं बंद पडलेलं घर पुन्हा राहतं करायचं असेल, तर आठवडाभर आतलं तापमान मोजून, ते गणिताशी जुळवून दाखवावं लागतं.

हे घर आजोबांचं. आणि ते राहतं करायचं होतं आत्यासाठी.

आता आत्या कोण, तर काकाची थोरली बहीण. लग्न तिचं झालं नाही. होऊ दिलं नाही असं अर्धवट म्हणायचा. काकाच्या घरात स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिची उभी हयात गेली. काकाची पोरं तिने वाढवली. अर्धवटाची आई गेली आणि बाप दुसरा संसार थाटायला दुसऱ्या गावी गेला, तेव्हा हे पोरही तिच्याच अंथरुणात येऊन पडलं. तिने त्यालाही वाढवलं. आता काकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नव्या जोडप्याला खोली हवी होती. सामान हलवतात तशी आत्या हलणार होती.

"तिला तिकडे शांत वाटेल," काकू म्हणाली होती. "इथे गोंगाट फार."

त्या घरातला गोंगाट म्हणजे काकूच. पण ते जाऊ द्या.

आठवडा गेला. डब्यांतले आकडे मोबाइलच्या जाळ्यातून थेट कॉम्प्युटरवर येत होते. अर्धवटाने घर उभं केलं होतं. एवढं साधं घर की चहा निवायच्या आत झालं. माणसं शून्य, दिवे शून्य, शेगडी बंद. रिकामं घर, बाहेरची थंडी, दुपारचं ऊन. त्याने दोन रेषा एकमेकींवर टाकल्या, मोजलेली आणि मांडलेली.

जुळल्या नाहीत.

मागची खोली गणितापेक्षा थंड होती. थोडी नाही, चांगलीच. त्याने विटा बदलून बघितल्या. छपराची जाडी कमी केली. काच पातळ केली. रेषा हलायच्या, पण सगळ्या एकदम हलायच्या, स्वयंपाकघर बिघडायचं. त्याला नुसती मागची खोली थंड करायची होती, आणि तीही सकाळचीच. कारण दुपार झाली की ती खोली आपोआप गणितावर यायची आणि तेव्हा पुढची खोली थंड पडायची. भर दुपारी. खिडकीतून ऊन येत असताना.

या धंद्यात अशा वेळी काय करतात ते सांगतो. फट वाढवतात. जी थंडी कशानेच समजावता येत नाही ती फटीच्या नावावर टाकायची. दार नीट बसत नाही, खिडकीची चौकट सुटली आहे, हवा आत येते, संपला विषय. फट कोणी मोजायला येत नाही. काकाचा अर्धा धंदा फटींवर चालायचा.

पण अर्धवटाचं डोकं तिरकं. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच उठून पुन्हा त्या घरी गेला. मागच्या खोलीची खिडकी कडेकडेने चिकटपट्टीने बंद केली, दाराच्या खाली कापड कोंबलं आणि एक सुतळी पेटवून विझवली. तिचा धूर कुठे वळतो ते बघत पलंगाच्या कडेला बसला. फट असेल तिकडे धूर वाकतो. धूर वाकला नाही. दोरा सोडावा तसा सरळ वर गेला.

आणि तरी त्याची डावी बाजू गार पडत होती. उजवी नाही. नुसती डावी. उन्हात एका बाजूने बसल्यावर अंग एका बाजूने तापतं ना, त्याच्या बरोबर उलट. तो उठून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तेव्हा गारवा उजवीकडून यायला लागला.

धुराची रेघ हलली नव्हती. खोलीत आवाज कसलाच नव्हता. रिकाम्या घरात काहीतरी वाजतच असतं, नळ, लाकूड, उंदीर. इथे तेही नाही. कोणीतरी श्वास धरून बसलं आहे आणि आपण आधी बोलायची वाट बघतंय, असं काहीसं वाटायचं.

"कोण आहे?" असं तो म्हणाला नाही. तो असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नव्हता. चिकटपट्टी काढायला मात्र तो थांबला नाही.

ऑफिसात येऊन त्याने दोन हात डोक्यामागे बांधले आणि पडद्याकडे बघत बसला. बसलेला माणूस शंभराच्या दिव्याएवढी ऊब देतो. हा सॉफ्टवेअरचा साधा नियम. खोलीत एक माणूस टाकला की सॉफ्टवेअर तिथे शंभर वॅटचा दिवा लावतं. तो श्रीमंत आहे की गरीब, पास की नापास, लाडका की नकोसा, त्याला देणंघेणं नाही. अर्धवटाला सॉफ्टवेअर आवडायचं ते यासाठी.

मग त्याने रागारागाने एक गंमत केली. मागच्या खोलीत माणसांच्या रकान्यात टाकलं, उणे एक.

सॉफ्टवेअरने घेतलं नाही. माणसं शून्याच्या खाली जात नाहीत, अशी लाल ओळ आली. पण यंत्रांच्या रकान्यात उणे आकडा चालतो. दुकानांतले उघडे फ्रीज खोलीतली ऊब ओढून घेतात, त्यांच्यासाठी ती सोय असते. त्याने तिथे उणे शंभर टाकलं. सकाळी मागच्या खोलीत, दुपारी पुढच्या खोलीत, अंधार पडल्यावर परत मागे.

दोन रेषा एकीवर एक जाऊन बसल्या. इतक्या नेमक्या, की खालची दिसेना.

अशी जुळणी त्याच्या आख्ख्या नोकरीत कधी झाली नव्हती. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने खुर्चीवर टाकलेला स्वेटर उचलून अंगात घातला.

काकाच्या घरी आत्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. काकू कुठेतरी आमंत्रणं द्यायला गेली होती. त्याने आत्याला हसत हसतच सांगितलं, म्हणजे सुरुवात तरी हसत केली.

"म्हणजे बघ, एक माणूस, पण उलटा. आपण ऊब देतो, हा घेतो. सकाळभर मागच्या खोलीत पडून असतो. दुपारी उठून पुढे येतो, खिडकीपाशी. ऊन उतरेपर्यंत तिथेच. मग परत आत."

आत्याचे हात थांबले.

"दुपारी कधी?"

"जेवणं आटोपल्यावर. का?"

"बस यायची तेव्हा," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला. "दुपारची बस यायची ना समोर... बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. कोण उतरतंय बघायला."

"कोण उतरायचं?"

"कोणी नाही."

भाजीची काडी तिने मोडली, परत तिचेच दोन तुकडे केले.

"काका तर म्हणतो, दर रविवारी जायचो आम्ही."

"दर रविवारी ठरायचं रे. आज तू जा, आज मी दमलोय, पुढच्या रविवारी सगळेच जाऊ. मी म्हणायचे, मी जाते. तर मुलांचं कोण बघणार... तुझंच कोण बघणार... मग मीही थांबायचे." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "गॅसवाल्याने खिडकीतून बघितलं. खुर्चीतच होते. थंडीचे दिवस होते असेच. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस झाले असतील."

अर्धवटाला हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं, की आजोबा झोपेत गेले. घरातली मोठी माणसं लहानांना खरं बोलायला शिकवतात आणि स्वतः असल्या गोष्टींवर पांढरी चादर टाकून मोकळी होतात. आणि ज्या घरात एक म्हातारा वाट बघून बघून गारठला, त्याच घरात आता दुसरं माणूस नेऊन ठेवायचं. रंग लावून. परवाना काढून.

"तू जायचं नाहीस तिथे," तो म्हणाला.

"मला विचारतंय कोण, राजा?"

काका ऑफिसात फोनवर होता. लग्नाच्या हॉलवाल्याशी घासाघीस चालली होती. फोन खाली ठेवल्याबरोबर त्याने हात पुढे केला.

"झालं का घराचं?"

"नापास."

"चार भिंतींचं घर नापास?" काका हसला. "अरे अर्धवटा, कोंबड्यांचं खुराडं पास होईल एवढ्यात. काय जुळत नाहीये?"

"मागची खोली. आणि दुपारी पुढची."

"फट वाढव."

"फट नाहीये. धूर लावून बघितलं."

"मग नसलेली वाढव! तपासायला कोण तुझा सासरा येणार आहे?"

"काका, तिथे थंडी कशी पडते ते तुम्हाला बघायचंय का? सकाळी पलंगावर. दुपारी खिडकीशी. बस यायच्या वेळेला."

काकाचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण त्यातून माणूस निघून गेल्यासारखं. त्याने टेबलावरचा पेन उचलला, टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आम्ही जायचो रे," तो म्हणाला. "दर रविवारी..."

"आत्याने सांगितलंय मला."

"तिला काय कळतंय!" काका एकदम ओरडला, आणि लगेच दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "तुला माणसं सांभाळावी लागली आहेत का कधी? एक तरी? कॉलेज सोडून पळालेलं पोर तू, मला शिकवतोस? ऊठ. ऊठ तिथून."

त्याने अर्धवटाला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसला. यंत्रांतले उणे शंभर पुसले. मागच्या खोलीच्या खिडकीला एवढी फट दिली, की तिच्यातून मांजर गेलं असतं. पुढच्या दाराला तशीच. मग ती भरून काढायला भिंतींना आतून जाड अस्तर लावलं, जे जगात कुठेच नव्हतं. रेषा जवळपास आल्या. चौकोन हिरवा झाला.

"बघ," काका म्हणाला. "एवढंच असतं."

पण उठताना त्याने हात चोळले, तळव्यांवर फुंकर घातली. आणि त्या घरात तो स्वतः किती वर्षांत गेलेला नाही, हे अर्धवटाने विचारलं तेव्हा तो ऐकू न आल्यासारखं करून बाहेर पडला.

आत्या गेली. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं, एक शेगडी. काकूने दारातून हात हलवला आणि म्हणाली, "आम्ही येत जाऊ हं, दर रविवारी."

अर्धवट तिला सोडायला गेला. त्याने शेगडी लावून दिली, पाण्याचा नळ बघितला, आणि डब्या भिंतींवरच राहू दिल्या. राहायला माझ्या खोलीवर चल, असं त्याला म्हणायचं होतं. त्याची खोली म्हणजे टायरच्या दुकानावर एक पलंग, एक बादली आणि एक खिडकी. म्हणायचं राहून गेलं. त्यालाही राहून जायला चांगलं जमत होतं. घराण्याचंच रक्त ते.

मग तो ऑफिसात बसून रोज आकडे बघू लागला. शेगडीचा हिशेब त्याला माहीत होता. आत्याचे शंभर त्याने सॉफ्टवेअरमध्ये टाकले. आणि रेषा पुन्हा जुळेनात. खोल्या गणितापेक्षा थंड. आत्याला काढून टाकलं की जुळायच्या.

म्हणजे असं, की आत्या त्या घरात राहत होती आणि घराला तिचा पत्ताच नव्हता. ती जिथे असेल तिथे एक रिकामी खोली होती. सकाळी मागे, दुपारी पुढे. तिच्या अंगातून निघालेली सगळी ऊब निघाल्याबरोबर कोणीतरी घेत होतं. काही उरत नव्हतं. तिने आयुष्यभर जे केलं तेच ती आता पगारी नेमल्यासारखं एका जागी बसून करत होती, असं त्याला वाटलं, आणि इतका राग आला की त्याने टेबलाला लाथ घातली.

तरी जायला त्याने दिवस लावले. काकाने लग्नाची कामं गळ्यात घातली होती, म्हणून. हेच कारण सगळे देतात.

शेवटी एका दुपारी तो बसमधून त्या थांब्यावर उतरला तेव्हा समोरच्या खिडकीत आत्या दिसली. खिडकीशी. खुर्चीत नव्हती, खुर्चीशेजारी पेटी ओढून तिच्यावर बसली होती. खुर्ची रिकामी होती.

त्याला बघून ती इतकी हसली, की त्याला मान वर करवेना.

आत शेगडी पेटलेली होती. तरी त्याच्या तोंडातून वाफ येत होती. आत्याने दोन स्वेटर, वर शाल, पायांत लोकरी मोजे असं सगळं घातलं होतं. त्याने तिचा हात धरला आणि सोडला. हात माणसाचा होता, पण पाण्याच्या माठावर ठेवल्यासारखं वाटलं.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. सोबत आहे."

"कोणाची?"

तिने नुसतं डोळ्यांनी खुर्चीकडे दाखवलं, घरात कोणी झोपलेलं असलं की दाखवतात तसं.

"आत्या, ऊठ. माझ्याकडे चल."

"हळू बोल." ती पुढे वाकली. "त्यांना मोठा आवाज... सोसत नाही आता."

"ऊठ म्हणतो ना!"

"कसं उठू? एकदा टाकलं ना त्यांना. आता परत... तूच सांग, परत कसं टाकू?"

"तू टाकलंस? तू एकटीने? काकाने टाकलं, काकूने टाकलं, माझ्या बापाने टाकलं. तेव्हा सगळे होते आणि आता फेडायला तू एकटी?" त्याचा आवाज रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होता. "मरशील तू इथे. कळतंय का? तुझं काही उरत नाहीये, मी रोज आकडे बघतोय! घे ती पेटी आणि चल!"

"आणि ते?"

त्याचं डोकं फिरलंच होतं. त्याने हात उडवला.

"मग घेऊन चल त्यांनाही! माझ्या खोलीत जागा आहे! तुमच्या सगळ्यांच्या मोठमोठ्या घरांत नसेल, माझ्या खोलीत आहे!"

बोलून गेला. बाहेर बस उभी होती. तिचं इंजिन बंद झालं. खोलीत पुन्हा ती श्वास धरल्यासारखी शांतता आली, आणि मग ती सुटली. कसं सांगावं... कोणीतरी बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी सुटली.

आत्या खुर्चीकडे बघत होती. तिने हळूच मान डोलावली. मग ती उठली. एकदम, कुठेही न धरता.

"चल," ती म्हणाली. "निघू या."

बसला गर्दी होती. आत्याला दोघांच्या बाकावर जागा मिळाली. तो तिच्याजवळ उभा राहिला. तिच्या शेजारची जागा रिकामी होती आणि माणसं दाटीवाटीने लोंबकळत होती. एक जाडजूड बाई पिशव्या सावरत तिथे बसायला म्हणून वळली, थबकली, अंगावर काटा आल्यासारखी दंड चोळत पुढे सरकली. नंतर तिकडे कोणी वळलं नाही. अर्धवट खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने ठरवलंच होतं, की आपण काही बघितलेलं नाही.

खोलीवर आल्यावर त्याने पलंग आत्याला दिला, स्वतःची गादी जमिनीवर टाकली. टायरच्या दुकानातून रबराचा वास येत होता, खाली माणसं शिव्या देत काम करत होती, आणि तो आवाज त्याला फार बरा वाटला. आत्याने गरम भात पोटभर खाल्ला. तिच्या गालांवर रंग आला. त्याने तिच्या हाताला हात लावून बघितला. ऊब होती. चांगली, माणसाएवढी ऊब.

त्याने लॅपटॉप उघडला. ते घर आता रिकामं होतं. माणसं शून्य, दिवे शून्य, शेगडी बंद. डब्यांचे आकडे खाली खाली येत गणितापर्यंत आले आणि गणितावरच थांबले. मागची खोली तशी, पुढची तशी. कुठे काही कमी नाही, जास्त नाही. पहिल्यांदाच ते घर रिकाम्या घरासारखं वागत होतं.

त्याने लॅपटॉप मिटला. आत्याला काही सांगितलं नाही.

"काकाला कळवायला हवं," ती पांघरुणात शिरताना म्हणाली.

"रविवारी जाईल तेव्हा कळेल त्याला."

यावर दोघं हसली. खूप दिवसांनी आत्या पोट धरून हसली. मग दिवा मालवला आणि तो अंगाचं मुटकुळं करून झोपला. खरं तर गाढ झोपला. तिच्या श्वासाचा आवाज जवळ असताना झोपायची लहानपणीची सवय अजून गेली नव्हती.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. खिडकीतून राखाडी उजेड आला होता. पलंगावर आत्या कुशीवर वळून पडली होती, तिचं तोंड त्याच्याकडे, डोळे उघडे.

त्याला हलता येईना, तेव्हा कळलं, की त्याचं पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचलेलं आहे. घट्ट, नीट, लहान मुलाला थंडी लागू नये म्हणून खोचतात तसं. झोपताना ते तसं नव्हतं. आणि त्याची पाठ गार होती. मानेपासून टाचेपर्यंत, एका माणसाच्या उंचीएवढी. पाठीमागून गुडघ्यांच्या वळणात काहीतरी अगदी जुळून बसलं होतं.

त्याने तोंड उघडलं.

आत्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हलू नकोस रे, राजा," ती कुजबुजली. "आत्ता कुठे त्यांचा डोळा लागलाय."